एसटी कोविडमधून कशी सावरते आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामपंचायत सदस्य, कॉलेजची मुलं, निवृत्त वाहक-चालक आणि "आमची सातची गाडी गेली कुठं?" एवढंच विचारणारे प्रवासी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एकमेकांत गुंतलेली असल्याने प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एकदा सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा न सांगता तिथे क्रमांक दिला आहे.

१. एसटी सरकारचीच आहे ना? मग तोटा झाला तर सरकार भरेल, आपल्याला काय त्याचं?

एसटी सरकारच्या मालकीची आहे, पण ते सरकारी खातं नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि पुढे १९५० च्या कायद्याखाली महामंडळ झालं. पोलिसाचा किंवा तलाठ्याचा पगार तिजोरीतून निघतो. वाहकाचा पगार मात्र तिकिटाच्या गल्ल्यातून निघावा, अशीच महामंडळाची रचना आहे.

त्यामुळे तोटा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी मंत्रालयातून धनादेश येत नाही. आधी टायरांची खरेदी पुढे ढकलली जाते, मग भविष्य निर्वाह निधीचा भरणा थकतो, मग सुट्या भागांचे पुरवठादार उधारी बंद करतात. शेवटी आगारात सकाळी गाडी असते, पण ती मार्गावर काढण्याजोगी नसते, आणि अलोकेशनच्या (कुठली गाडी कुठल्या फेरीला ते लिहिलेल्या) तक्त्यावर तुमच्या गावच्या फेरीपुढे "रद्द" लिहिलं जातं. तोटा आपल्याला भेटतो तो असा.

२. कोविडमध्ये एसटी नेमकी किती काळ बंद होती?

लोकांच्या आठवणीत सलग दोन वर्षं बंद होती, पण तसं नव्हतं. मार्च २०२० अखेरीस प्रवासी वाहतूक थांबली. २२ मेपासून जिल्ह्याच्या आतल्या आत, अर्ध्या आसनांवर गाड्या निघाल्या. जिल्ह्याबाहेर जायला २० ऑगस्ट उजाडला आणि पूर्ण आसनांची परवानगी सप्टेंबरात मिळाली. थोडा जम बसतोय तोच एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांना प्रवास, तोही अर्ध्या आसनांवर. जूनमध्ये निर्बंध सैल झाले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस संप लागला (प्रश्न ५).

"बंद"च्या काळातही एसटी धावत होतीच. धुळ्याहून गाड्या राजस्थानातल्या कोट्याला जाऊन तिथे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना घेऊन आल्या. परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडलं ते एसटीनेच. मुंबईत लोकल बंद असताना गावोगावच्या आगारांतले चालक-वाहक बेस्टच्या मदतीला गेले, आणि त्यांतले कितीतरी जण तिथून आजार घेऊन परतले.

३. गाड्या उभ्या होत्या, डिझेल जळत नव्हतं. मग खर्च कसला?

एसटीचे दोन मोठे खर्च म्हणजे पगार आणि डिझेल. गाडी थांबली की डिझेल थांबतं, पगार थांबत नाही. कोविडपूर्वी रोज सुमारे ६५ लाख प्रवासी आणि २२ कोटींच्या आसपास उत्पन्न होतं. कर्मचारी जवळपास एक लाख. पगारावरच महिन्याला पावणेतीनशे ते तीनशे कोटी लागत. उत्पन्न शून्यावर आलं तरी हा आकडा जिथल्या तिथे होता.

शिवाय उभी गाडीही खर्च मागते. बॅटरी बसते, टायर एका जागी दबतात, आसनांखाली उंदीर वायरी कुरतडतात. पहिली गाडी सोडायची वेळ आली तेव्हा अनेक आगारांत आधी धक्का मारायला माणसं जमवावी लागली.

४. सरकारने हजार कोटी दिले होते, ते गेले कुठे?

पगारात. नोव्हेंबर २०२० मध्ये हजार कोटींचं साहाय्य जाहीर झालं, सहा महिन्यांत विभागून. वरच्या उत्तरातला मासिक पगाराचा आकडा घ्या आणि भागून बघा, हिशोब साडेतीन महिन्यांपाशी थांबतो. ही रक्कम यायच्या आधी दिवाळीच्या तोंडावर पगार थकले होते आणि काही कर्मचाऱ्यांनी जीव दिले. तेव्हा पगाराला पैसा देणं चुकीचं होतं असं कुणी म्हणू नये.

माझी तक्रार वेगळी आहे. त्यानंतरची मदतही बहुतांशी "या महिन्याचा पगार भागवा" याच चालीने आली. पगार झाला, पण गाडीला टायर नाही, इंजिनाला सुटे भाग नाहीत. म्हणजे चालक कामावर हजर, वाहक हजर, आणि गाडी कार्यशाळेत. मदत धावलेल्या किलोमीटरशी बांधली असती, तर त्याच रुपयात पगारही झाला असता आणि फेरीही सुटली असती. असं इतर देशांत कसं केलं, ते प्रश्न १६ मध्ये आहे.

५. खरं सांगा, एसटीला कोविडने मारलं की संपाने?

या प्रश्नावर गावात दोन गट पडतात. माझं मत असं: कोविडने पैसा नेला, संपाने सवय मोडली.

ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी उपोषणापासून सुरुवात झाली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात राज्यातली अडीचशे आगारं ठप्प झाली. मागणी होती महामंडळाचं राज्य सरकारात विलीनीकरण. २४ नोव्हेंबरला सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५,०००, दहा ते वीस वर्षं झालेल्यांना ४,००० आणि त्यापुढच्यांना २,५०० रुपये. काही कामगार परतले, बहुतेक नाहीत. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू व्हायला सांगितलं, तेव्हा आगारं पुन्हा भरली.

लॉकडाउनमध्ये प्रवासीही घरीच होता, त्यामुळे त्याने दुसरी सोय शोधली नव्हती. संपात मात्र शाळा, बाजार, कचेऱ्या सगळं सुरू होतं आणि फक्त एसटी नव्हती. तेव्हा लोकांनी हप्त्यावर दुचाकी घेतल्या, वडापवाल्याचा, म्हणजे खासगी जीपवाल्याचा, नंबर मोबाइलमध्ये ठेवला, मुलीला तालुक्याला खोली करून दिली. काहींनी मुलीची शाळाच थांबवली. यातला प्रवासी आज एसटी सुरू झाली म्हणून उद्या थांब्यावर येत नाही.

कामगारांना दोष देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. पगार महिनोन्‌महिने उशिरा मिळणारा माणूस किती दिवस थांबणार, हाही प्रश्न आहेच.

६. भारमान म्हणजे काय? आमची गाडी तर रोज गच्च भरून जाते, तरी तोट्यात कशी?

भारमान म्हणजे धावलेल्या आसन-किलोमीटरांपैकी किती भरले, त्याची टक्केवारी. "गच्च" हे आपण आपल्या थांब्यावरून बघतो, भारमान पूर्ण फेरीचं निघतं.

समजा, सकाळी सातची गाडी. चव्वेचाळीस आसनं, साठ मुलं. तालुक्यापर्यंत पाय ठेवायला जागा नाही. तीच गाडी साडेआठला परत फिरते तेव्हा आत दोन म्हाताऱ्या, एक डॉक्टरकडे जाऊन आलेला आणि वाहक. दोन्ही फेऱ्यांना डिझेल सारखंच. त्यातही साठातली बहुतेक मुलं पासवाली, म्हणजे तिकिटाच्या एक तृतीयांश दरात, आणि मुली अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत. वाहकाच्या वेबिलवर (फेरीच्या हिशोबाच्या कागदावर) त्या गर्दीची रोकड इतकी किरकोळ दिसते, की कागद पाहणाऱ्याला गाडी रिकामी गेली असं वाटावं.

कोविडनंतर फेऱ्या निवडताना हाच कागद पुढे ठेवला गेला. म्हणून लांब पल्ल्याच्या, चांगल्या उत्पन्नाच्या गाड्या आधी सुरू झाल्या आणि शाळेच्या, मुक्कामाच्या (प्रश्न ९) गाड्या मागे राहिल्या. हिशोबाने ते बरोबर होतं. ज्यासाठी एसटी काढली, त्याच्या मात्र उलट.

७. बायकांना अर्धं तिकीट आणि म्हाताऱ्यांना फुकट देऊन एसटी बुडवली, खरं का?

नाही. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाला आणि महिलांना सर्व गाड्यांत ५० टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासून. या सवलतींची रक्कम राज्य सरकारने महामंडळाला भरून द्यायची आहे. शंभर रुपयांच्या तिकिटात बाई पन्नास देते आणि उरलेले पन्नास सरकार देणं लागतं. महामंडळाच्या दृष्टीने ते पूर्ण तिकीटच झालं.

उलट या दोन सवलतींनी थांब्यावर माणसं परत आणली. बाजारच्या दिवशी वडापच्या टपावर बसणारी बाई सवलतीनंतर एसटीची वाट बघू लागली, हे कुठल्याही तालुक्याच्या स्थानकात उभं राहिलं तर दिसतं. तिच्याबरोबर पूर्ण तिकिटाचा नवराही आला, मुलंही आली.

गडबड होते ती प्रतिपूर्तीच्या वेळेत. सरकारकडून रक्कम उशिरा आली, तर तेवढे दिवस महामंडळ सरकारला बिनव्याजी उसने देतं, आणि डिझेलवाल्याला मात्र रोखीने मोजतं. सवलत ही मदत नव्हे. ती सरकारने एसटीकडून घेतलेली सेवा आहे आणि तिचं बिल वेळेत चुकवायला हवं.

जाता जाता एक सूचना. ७५ पुढच्यांना वाहक शून्य रुपयांचं तिकीट देतो, ते आठवणीने मागून घ्या. "फुकटच आहे, कशाला कागद" असं म्हणू नका. मशीनमधून ते तिकीट निघालं तरच तुमचा प्रवास मोजला जातो आणि महामंडळाला त्याचे पैसे मागता येतात.

८. मग सरळ भाडं वाढवून तोटा का भरून काढत नाहीत?

वाढवलं की. ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के आणि २५ जानेवारी २०२५ पासून जवळपास १५ टक्के. पहिली वाढ लागू झाली आणि दोनच दिवसांत संपाची ठिणगी पडली, म्हणजे तिचा उपयोग सहा महिने झालाच नाही.

भाडेवाढीला दोन बाजूंनी मर्यादा आहे. एकीकडे डिझेल. एसटीला रोज दहा लाख लिटरच्या आसपास डिझेल लागतं. लिटरमागे एक रुपया चढला तरी वर्षाला छत्तीस कोटींचा बोजा. २०२२ मध्ये तर घाऊक डिझेल किरकोळीपेक्षा लिटरमागे वीस-पंचवीस रुपयांनी महाग झालं, आणि स्वतःचे पंप असलेल्या एसटीच्या गाड्या रस्त्यावरच्या खासगी पंपांवर रांगेत उभ्या राहिल्या. दुसरीकडे दुचाकी. एका दुचाकीवर दोघं बसून तालुक्याला जातात तो खर्च दोन तिकिटांहून कमी झाला, की प्रवासी गेला.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. तिकिटात साडेसतरा टक्के प्रवासी कर असतो, तो महामंडळ गोळा करून सरकारला देतं. एका हाताने कर घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने मदत द्यायची, यापेक्षा करच काही वर्षं कमी केला तर भाडं न वाढवता उत्पन्न वाढेल. एसटीतल्या बहुतेक संघटना हेच मागत आल्या आहेत आणि या एका बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे.

९. आमच्या गावची मुक्कामाची गाडी कोविडमध्ये बंद झाली ती अजून सुरू नाही. काय करायचं?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हा, म्हणून सविस्तर.

मुक्कामाची गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गावात येते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे निघते. चालक-वाहक ग्रामपंचायतीच्या खोलीत, शाळेच्या ओट्यावर किंवा देवळात झोपतात. पहाटे तिच्यातून दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, कोर्टाची तारीख असलेले आणि अकरावी-बारावीची मुलं जातात. ती बंद पडली की गावाचा दिवस दोन तास उशिरा सुरू होतो.

कोविडमध्ये या गाड्या सर्वांत आधी थांबल्या, कारण परक्या गावात कर्मचाऱ्याला मुक्कामाला ठेवायला कुणीच तयार नव्हतं. गावाने नको म्हटलं, कर्मचाऱ्यानेही. नंतर गाड्याच कमी झाल्या (प्रश्न ११) आणि आगाराने त्या गाड्या दिवसाच्या फेऱ्यांना लावल्या.

सुरू करून घ्यायची तर फक्त निवेदन देऊन फोटो काढू नका. ग्रामसभेचा ठराव करा आणि त्यात आगार व्यवस्थापकाला हवी ती माहिती भरा: कुठल्या वर्गाची किती मुलं, कुठल्या शाळेत, किती वाजता पोचायला हवीत, परतीच्या फेरीला कोण बसेल, वाटेतल्या कुठल्या वाड्या याच गाडीवर अवलंबून आहेत. शाळा-कॉलेजचं पत्र जोडा. रस्ता खराब असेल तर आधी बांधकाम विभागाकडून खड्डे बुजवून घ्या, कारण "रस्ता वाहतुकीस योग्य नाही" हा शेरा एकदा पडला की फाइल तिथेच राहते. गाडी वळवायला जागा आहे का, तेही लिहा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, मुक्कामाची सोय. दार लागणारी खोली, दिवा, पाणी, वापरता येईल असं संडास. बहुतेक ठराव इथे गप्प असतात. अंगणवाडीच्या पडवीत डासांत झोपून पहाटे पाचला चाळीस माणसांची गाडी हाकायची, ही अपेक्षा कुणाकडूनही ठेवू नये. ज्या गावांनी एक खोली नीट करून दिली, तिथे चालक-वाहक स्वतः ती ड्युटी मागून घेतात.

ठराव आगार व्यवस्थापकाला द्या, प्रत विभाग नियंत्रकाला, आणि पोच घ्या. महामंडळाचा "प्रवासी राजा दिन" तुमच्या आगारात भरत असेल तर तिथे लेखी मांडा. आमदारांचं पत्र उपयोगी पडतं, पण नुसतं पत्र असेल तर गाडी आठ दिवस येते आणि परत बंद होते. आकडे असतील तर टिकते.

सुरू झाल्यावर पहिले दोन महिने गावाने तिच्यानेच प्रवास करायला हवा, कारण त्याच काळातलं भारमान बघून फेरी ठेवायची की नाही ते ठरतं.

१०. वडाप, काळी-पिवळी बंद केली तर एसटी आपोआप भरेल ना?

काही मार्गांवर थोडी भरेल. स्थानकाच्या दारातून प्रवासी उचलणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी, नियमही आहे. पण एसटी नसताना संपात याच लोकांनी बाळंतिणींना दवाखान्यात पोचवलं. जिथे दिवसातून दोनच फेऱ्या येतात तिथे वडाप बंद करणं म्हणजे लोकांना पायी चालायला लावणं. आधी फेऱ्या वाढवा, मग कारवाई करा.

११. पूर्वी इतक्या गाड्या होत्या, त्या गेल्या कुठे?

कोविडपूर्वी ताफा अठरा हजारांच्या आसपास होता. नंतर तो पंधरा हजारांच्या घरात आणि त्याहीखाली आला. कारण साधं आहे. दरवर्षी काही गाड्या मोडीत निघतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. दोन-अडीच वर्षं मोडीत निघणं चालू राहिलं, येणं थांबलं.

त्यात १ एप्रिल २०२३ पासून केंद्राचा नियम आला: सरकारी आणि महामंडळांच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुन्हा होणार नाही. खासगी मालकाला तपासणी करून जुनी गाडी चालवता येते, एसटीला नाही. प्रदूषणाच्या दृष्टीने नियम योग्य असेल, पण वेळ नेमकी पैसा नसल्याची होती.

एसटीच्या स्वतःच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत: दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. तिथे चासीवर बांधणी होत आली आहे. पण चासी, पत्रा, काच घ्यायलाच पैसे नसतील तर कारागीर काय करणार? नंतर तयार गाड्यांची खरेदी झाली, २,६४० साध्या गाड्यांची, आणि त्या २०२५ पासून आगारांत येऊ लागल्या. तुमच्या आगाराला किती मिळाल्या ते विचारा. काही आगारांना भरपूर मिळाल्या, काही अजून जुन्यांवर दिवस काढत आहेत.

१२. इलेक्ट्रिक गाड्या आल्या की डिझेलची कटकट संपेल का?

डिझेलची संपेल, पैशाची नाही. पहिली "शिवाई" १ जून २०२२ ला धावली, मुद्दाम पुणे-अहमदनगर याच मार्गावर. पुढे ५,१५० ई-बसचा भाडेतत्त्वावर करार झाला. गाडी, चालक आणि दुरुस्ती कंपनीची, वाहक एसटीचा, आणि कंपनीला किलोमीटरप्रमाणे पैसे. गाड्या मात्र ठरलेल्या वेळेच्या कितीतरी मागे राहिल्या.

अशा करारात गाडी रिकामी धावली तरी कंपनीचे पैसे द्यावे लागतात. भारमानाची सगळी जोखीम एसटीच्या अंगावर. लांब पल्ल्याच्या, भरून जाणाऱ्या मार्गांवर हे परवडतं. ज्यांना वाटतं की ई-बस आली की मुक्कामाची गाडी सुरू होईल, त्यांना सांगतो: तुमच्या गावात चार्जिंगची सोय नाही, तोवर ती साधी लाल परीच असणार.

१३. मालवाहतूक आणि आगारांच्या जागा यांतून पैसा निघत नाही का?

निघतो, पण फार नाही. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्या गाड्यांची आसनं काढून त्यांचे मालट्रक केले आणि आंब्याच्या पेट्यांपासून बियाण्यांच्या पोत्यांपर्यंत सगळं वाहिलं. उत्पन्न शून्य असताना तेवढाच हातभार. खासगी ट्रकवाल्यांशी दराची स्पर्धा सुरू झाल्यावर तो धंदा मुख्य आधार होणं शक्य नव्हतं.

जागांचं गणित मोठं आहे. मोक्याची स्थानकं दीर्घ भाडेपट्ट्याने विकसित करायची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. व्हावं, पण अट एकच. खाली फलाटांची संख्या आणि गाड्या वळायची जागा कमी होता कामा नये. एकदा तिथे दुकानं उभी राहिली की स्थानक परत मिळत नाही.

१४. विलीनीकरण झालं असतं तर हे सगळं सुटलं असतं, नाही का?

कर्मचाऱ्यांच्या पगाराची हमी सुटली असती, आणि ती लहान गोष्ट नाही. संपाच्या वेळी उच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार तीन सचिवांची समिती नेमली गेली, तिने विलीनीकरण शक्य नसल्याचं सांगितलं आणि सरकारने ते स्वीकारलं.

प्रवाशाच्या बाजूने बघितलं तर नुसत्या विलीनीकरणाने एकही जादा फेरी सुटत नाही. गाड्या, टायर, सुटे भाग यांना पैसा वेगळाच लागतो. या मुद्द्यावर कामगार मित्र माझ्यावर चिडतात, ते मला मान्य आहे.

१५. मध्यंतरी एसटी नफ्यात आल्याची बातमी होती. मग रडगाणं कशाला?

ऑगस्ट २०२४ मध्ये महामंडळाने सुमारे १६ कोटींचा नफा दाखवला, बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा. तो महिना चांगला गेला, हे खरं. पण एका महिन्याचा नफा आणि संचित तोटा या वेगळ्या गोष्टी. जून २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी काढलेल्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे. एका महिन्याच्या नफ्याने तो फेडायला बसलात तर नातवंडांची नातवंडं पास काढतील.

१६. बाकीच्या देशांनी बससेवा कशा वाचवल्या?

तीन नमुने सांगतो.

ब्रिटनमध्ये बस बहुतेक खासगी कंपन्यांच्या. २०२० मध्ये सरकारने उत्पन्न आणि खर्च यांतला फरक भरून दिला, पण त्यात नफा धरला नाही आणि ठरावीक प्रमाणात फेऱ्या चालू ठेवण्याची अट घातली. पुढे पुनर्वसन अनुदान आणि जानेवारी २०२३ पासून एका फेरीला जास्तीत जास्त दोन पौंड भाडं. दोन वर्षांनी ती मर्यादा तीन पौंड झाली.

जर्मनीने प्रवाशाकडून सुरुवात केली. २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये नऊ युरोत महिनाभर देशभर कुठेही, लोकल गाड्या आणि बस. पाच कोटींहून जास्त तिकिटं खपली. मे २०२३ पासून ४९ युरोचा कायमचा पास आला आणि २०२५ मध्ये तो ५८ वर गेला. म्हणजे स्वस्ताई टिकवायलाही दरवर्षी भांडावं लागतं.

अमेरिकेने मार्च २०२० च्या मोठ्या मदत कायद्यात सार्वजनिक वाहतुकीला २५ अब्ज डॉलर दिले, पुढे आणखी. पैसा मुख्यतः रोजचा कारभार चालू ठेवायला होता. तो संपत आल्यावर अनेक शहरांत पुन्हा खड्डा दिसू लागला.

आपण जर्मनीची अर्धी गोष्ट केली, म्हणजे सवलत (प्रश्न ७). ब्रिटनची अट मात्र घेतली नाही.

१७. बेस्ट, पीएमपी आणि गोव्याच्या कदंबला हेच सगळं लागू आहे का?

अंशतः. पीएमपीची संचलन तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०:४० प्रमाणात भरतात, तेव्हा महिनाअखेरीला कुणाकडे जायचं ते तिथे ठरलेलं आहे. एसटीला असा हक्काचा दाता नाही. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपये केलं आणि ते मे २०२५ मध्ये दहा होईपर्यंत टिकवलं. पण स्वतःच्या गाड्या घटत गेल्या आणि ताफा भाड्याच्या गाड्यांवर टेकला. गोव्यात गावोगावी खासगी बसवाले आहेत, म्हणून तिथे "म्हजी बस" योजनेत त्यांनाच कदंबच्या छत्राखाली घेण्याचा मार्ग धरला. महाराष्ट्रात तो चालणार नाही असं म्हणत नाही, पण आपल्याकडे टप्पा वाहतुकीचा (थांब्याथांब्यावर तिकीट देऊन प्रवासी घेण्याचा) हक्क एसटीकडेच आहे, आणि तो सोडण्याची चर्चा निघाली की वातावरण तापतं.

१८. माझं वय ७०, मी महिला. ज्येष्ठ आणि महिला अशा दोन्ही सवलती मिळून मोफत का नाही?

सवलती एकावर एक चढत नाहीत. ६५ ते ७५ वयात ज्येष्ठ म्हणूनही ५० टक्के आणि महिला म्हणूनही ५० टक्केच, दोन्हींतली एक. पंचाहत्तरी पूर्ण झाली की मोफत. आगाऊ आरक्षण केलं तर आरक्षण शुल्क मात्र पूर्ण भरावं लागतं.

सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. कोल्हापूरहून बेळगावला किंवा सावंतवाडीहून पणजीला एसटीने जाताना सीमेपुढचं भाडं पूर्ण लागतं, त्यात वाहकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. एसटीच्या शहरी बससेवेत ही सवलत नाही. कर्नाटकातली महिलांची मोफत योजना तिथल्या रहिवासी महिलांसाठी आहे, आपल्या आधार कार्डावर ती मिळत नाही.

१९. गाडीचा भरवसा नाही, महिन्यातून चार वेळा रद्द होते. तरी पास काढू का?

मुलगा-मुलगी त्या मार्गावर रोज जाणार असतील तर काढा, आणि मुलीचा मोफत पास तर नक्कीच. आगारात फेऱ्यांचं नियोजन होताना त्या मार्गावर चालू पास किती, हा पहिला प्रश्न असतो. पास नसतील तर प्रश्न ९ मधल्या तुमच्या ठरावातल्या आकड्यांना आधार उरत नाही.

गाडी रद्द झाली त्या दिवशी तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीवर तक्रारवही असते, ती मागा. नाही म्हणाले तरी मागा. दोन महिन्यांच्या तारखा एका कागदावर लिहून विभाग नियंत्रकाकडे नेल्यात, तर "गाडी नियमित आहे" हे उत्तर त्यांना देता येत नाही.